खुणेचा दगड

१९९९ साली हसनाबादच्या बद्रीनाथाने विधवा भावजय गोजरबाईच्या बांधावरचा खुणेचा दगड उपटून विहिरीत टाकला. वर्ष उलटले, तरी काळ्या रानात दगडाची जागा पांढरीच राहिली. मोजणीदार येण्याआधी त्याने विज्ञानाचे शिक्षक सुगनचंद यांना रानात आणले.

“मास्तर, खार फुटलाय म्हणून सांगा.”

सुगनचंदांनी होकायंत्र पांढऱ्या जागेजवळ मातीवर ठेवले. “चंद्रावर जिथे खडक चुंबकीय, तिथे सूर्याकडून येणारा कणांचा मारा अडतो, म्हणून माती काळवंडत नाही, उजळ राहते. पण तिथे हवा नाही; इथे तो मारा वरच अडतो. ते कारण इथे लागू होत नाही.”

सुई उत्तरेला थांबली नाही. ती बद्रीनाथाकडे वळली. तो डावीकडे सरकला, तशी सुईही सरकली. मास्तरांनी त्याच्याकडून किल्ल्या, अडकित्ता, सारे लोखंड काढून घेतले. फरक पडला नाही.

मागे सरता सरता तो पांढऱ्या जागेवर आला, आणि सुई निमूट उत्तरेला गेली.

“आता पुढे या.”

“पाय उचलून न्हाई राह्यले, मास्तर.”

बांधावर बसलेली गोजरबाई उठली. “राहू द्या, भाऊजी.” मग तिने वाटेवरच्या मोजणीदाराला हाक दिली. “या साहेब, दगड बराबर जागेवर हाय.”