चुकीचा जोर

तुंगाबाई जयलक्ष्मीपुरमच्या घरी इटालियन शिकवत. विद्यार्थ्याचा उच्चार चुकला की त्या तोंडाने काही बोलत नसत. एका बोटाने तो शब्द टेबलावर वाजवून दाखवत. जोर पडेल तिथे ठक्कन, बाकी हलकं.

स्ट्रोक आल्यापासून त्या इस्पितळात डोळे मिटून पडल्या होत्या. "ओळखीचं काहीतरी बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. गुंडेरावांनी बायकोला हाका मारल्या, तिचं आवडतं स्तोत्र म्हटलं. काही नाही. मग घरी शेजारच्या खोलीतून वर्षानुवर्षं कानावर पडलेला, 'सावकाश' या अर्थाचा इटालियन शब्द त्यांनी उच्चारला, "लेन-ता-मेन-ते." जोर बरोबर 'मेन'वर दिला. बोट हललं नाही.

"अप्पा," पायाशी बसलेली त्यांची मुलगी शरण्या हळूच म्हणाली, "बरोबर म्हटलं तर अम्मा कधी टोकते का?"

गुंडेरावांनी या वेळी मुद्दाम 'ता'वर जोर दिला.

चादरीवर बोट हललं. हलकं, हलकं, जोरात, हलकं.