चारशे बारा मतं

पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवणाऱ्या मतदानाचा निकाल शाळेबाहेरच्या फळ्यावर लागला. पक्षाध्यक्षांच्या मेहुण्याला साठ मतं, दुधाळांना चारशे बारा.

बावीस वर्षं पक्षाचे झेंडे बांधणाऱ्या दुधाळांना अखेर नगरसेवकपदाची उमेदवारी मिळाली होती. "फक्त सभासदच उमेदवार निवडणार असतील, तर मेहुणाच येणार. सगळ्या वॉर्डाला मत देऊ द्या," असं बैठकीत त्यांनीच भांडून मान्य करून घेतलं होतं.

तेवढ्यात विरोधी पक्षाचे नगरसेवक शेडगे हार घेऊन आले. "आमची सगळी माणसं तुमच्यासाठी रांगेत उभी केली होती."

"का हो?"

"मेहुणा मला जड गेला असता." शेडग्यांनी हार नीट बसवला. "आता निवडणुकीपर्यंत तब्येत सांभाळा, दुधाळ. तुम्हाला काही झालं, तर तो उभा राहील. बीपीची गोळी घेता ना वेळेवर?"

दुधाळांनी मान हलवली. बावीस वर्षांत पक्षातल्या कुणी एवढं विचारलं नव्हतं.