न बोलता दिलेला कोहळा

सकाळी खोली झाडताना रूपालीचा झाडू पलंगाखाली कशाला तरी अडला. वाकून पाहते तो कोहळा.

बाजाराचे बाकीचे कोहळे ओसरीवर रचलेले असताना हा एकटाच आत कसा आला? तिनं तो फिरवून पाहिला. देठाजवळ सालीचा चौकोन कापून पुन्हा नीट बसवलेला, कडेनं कणीक लिंपलेली. आता तिच्या ध्यानात आलं. नव्व्याण्णव सालचा धोंड्याचा महिना चालू होता, आणि या महिन्यात कोहळ्यात सोनं घालून गुप्तदान करायची रीत मखमलाबादेत कोणाला सांगायला नको. घेणाऱ्याला देणारा कळू द्यायचा नाही आणि देणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. बोललं की पुण्य गेलं.

सासूच्या, सरुबाईच्या, गळ्यातली बोरमाळ कालपासून दिसत नव्हतीच.

थोरली जाऊ सरिता त्या माळेवर केव्हाची डोळा ठेवून होती. ती नवऱ्यासह धोंडा खायला वणीला माहेरी गेली आणि म्हातारीनं बरोबर डाव साधला! रूपालीला हसू आलं. मग नकळत हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. विहिरीची मोटर जळाली तेव्हा सुनीलनं, तिच्या नवऱ्यानं, तिचे सोन्याचे मणी मोडले होते. नुसती काळी पोत उरली होती. कणीक उकरायला कितीसा वेळ लागणार होता? कोणी विचारणार नव्हतं, आणि विचारताही येणार नव्हतं.

पण सरिताला चुकवून आत्याबाईंनी आपल्यावर भरवसा टाकला, याचंही तिला अप्रूप वाटलं. हा कोहळा बाजारात नेऊन अनोळखी हातात द्यायला घरात दुसरं होतं तरी कोण? तिनं कोहळा पाटीच्या तळाशी घातला.

सरुबाई ओसरीवर लसूण सोलत होती.

"आत्याबाई, निघते."

"खोली झाडली का गं?"

"झाडली."

"पलंगाखालून?"

"हो."

"मंग बरं," असं म्हणून सरुबाईनं मान खाली घातली.

नाशकात गंगेवर, गोदावरीच्या काठी, बुधवारचा बाजार भरला होता. रूपालीनं माल मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं न्याहाळत बसली. हे सोनं जायचं तरी कोणाच्या घरी? मारुतीतून उतरलेल्या, हातभर बांगड्यांच्या एका बाईनं नेमका त्या कोहळ्यालाच हात घातला.

"तो दुसऱ्याचा हाय, बाई. हा घ्या, ताजा हाय."

दुपारी एक म्हातारी आली. पाय अनवाणी, लुगड्याला ठिगळ.

"टपरीच्या दारावर बांधायचाय. ल्हानसा दे."

रूपालीनं तो मोठा उचलून तिच्या हातात ठेवला.

"एवढा नाय परवडायचा मला."

"ल्हान्याच्याच भावात घ्या, मावशी. पण बांधू नका. आजच चिरा."

"का गं? नासका हाय का?"

"गळ्याशप्पथ, लय चांगला हाय!"

म्हातारी संशयानं बघत कोहळा कमरेवर घेऊन गर्दीत दिसेनाशी झाली. रूपालीनं तिचं नाव विचारलं नाही. संध्याकाळी चूल पेटेल, कोहळा चिरला जाईल, आणि मग त्या बाईचं तोंड कसं होईल? तिला एकटीलाच हसू फुटलं. मोटर जळाल्यापासून इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. आपल्या गळ्यात काही नाही, याचीही तिला दिवसभर आठवण झाली नाही.

घरी आली तेव्हा सरुबाई दारातच उभी होती. तिनं रूपालीच्या गळ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"खपले का समदे?"

"एक बी उरला नाय, आत्याबाई," रूपाली आनंदानं म्हणाली.

सरुबाईनं इकडेतिकडे बघून तिला जवळ ओढलं. "पुण्य जातंय तर जाऊ दे, मला आता दम निघंना. तुझ्या पलंगाखाली कोहळा हाय. सुनील आला का त्याच्याकडून चिरून घे, आन् आत जे निघंल ते सरिता यायच्या आत गळ्यात घाल."