मॉडची आवराआवर

“दादा, तुमच्या गेमचा पसारा मी आवरू का?” विचारून दाखव अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून गौतमीनं भाडेकरू कौस्तुभला विचारलं. नवे नांगर, नवी रानं, असे ट्रॅक्टरच्या गेमचे शेकडो मॉड, म्हणजे गेममध्ये वरून घालायच्या फायली, एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले. त्यानं हसत लॅपटॉप पुढं सरकवला. तिनं फायली आपोआप वेगळ्या लावणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून एंटर दाबलं, आणि फोल्डर रिकामं झालं. कौस्तुभचा चेहरा पांढराफटक पडला.

“भाडेकरू घालवतीस व्हय गं? ऊठ!” आईसोबत दारात उभे असलेले तिचे वडील, अप्पा, कडाडले. “परत कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई!”

गौतमीनं फोल्डरची आधीच काढून ठेवलेली नक्कल उघडली. त्यात सगळे मॉड जागेवर होते.

“बियाणं राखून ठेवल्याबिगर आपण पेरतो का, अप्पा? चूक घावलीय मला. तुमी आन् आई जेवून घ्या, मी स्क्रिप्ट परत चालवणार हाय.”