यारीवर कुणी नाही

फौजेत शिकवायला दाखवलेली काळ्या पुठ्ठ्यांची विमानं. नुसत्या सावल्या. पंख सरळ की मागं वळलेले, शेपूट उंच की बुटकी, एवढंच बघायचं आणि आपलं की परकं ते सांगायचं.

सोसायटीच्या आण्णासाहेब चेअरमननं दगडोबाला घातलेला झेंडूचा हार. "दुश्मनाचं इमान पाडलेला आपला जवान!"

पाऊस पाडायला ढगात मीठ टाकणारं विमान येणार, अशी तालुक्याहून आलेली बातमी.

कांदा चिरायला उमाबाईनं सकाळी मागून घेतलेला नवऱ्याचा, दगडोबाचा चाकू.

सुरुंगाच्या चार वाती. प्रत्येकी तीन फूट.

श्रावण लागून आठ दिवस झाले होते आणि जळकोटच्या शिवारात सोसायटीची विहीर सत्तर फुटांवर गेली तरी कोरडीच होती. बाकीचे मजूर वर गेले होते. तळाशी एकटा दगडोबा. त्यानं विडीच्या निखाऱ्यानं चारही सुरुंगांच्या वाती पेटवल्या, दगडमाती वर ओढणाऱ्या यारीच्या बकेटात बसला आणि मान वर करून रोजची हाळी दिली.

"बार हाय रं! वडा!"

बकेट हललं नाही.

वर यारी फिरवायला चौघं असत. त्यांतल्या सिद्धलिंगचं डोकं विहिरीच्या तोंडावर दिसलं. तो हातवारे करत होता. दगडोबाचा उजवा कान फौजेत तोफेच्या आवाजानं नेलेला. त्यानं डावा वर केला.

"इमान आलं, इमान! मिठाचं!"

"अरं बार हाय! वाती पेटल्यात!"

"तू ठास निवांत भोकात माती! आमी बघून आलोच! तुज्या डोक्यावरनं गेलं तर कंचं हाय ते बघून ठेव!"

डोकं गेलं. विमानाचा सगळा घुमारा विहिरीत भरला होता. दगडोबाला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तर वर काय जाणार? तरी तो ओरडला. सिद्धलिंगला, यारीवरच्या श्रीपतीला, घरी असलेल्या उमाबाईला. मग आईला.

तीन फुटाला दोन मिनिटं.

तो यारीच्या तारेच्या दोराला लोंबकळला. दोर ग्रीसनं माखलेला. दोन पुरुष उंच चढला आणि तळहाताची साल सोलत घसरून परत खाली आला.

वात उपसायची नाही. उपसली तर तिच्या टोकाची स्फोटाची टोपी हातात उडते. पाणी ओतून विझत नाही. ही वात पाण्यातबी जळते, आणि पाणी असतं तर तो इथं कशाला असता? कापायची. जाळ आत पळतो, त्याच्या पुढं कापायची. चाकूसाठी हात खिशात गेला. खिसा रिकामा.

त्यानं दगडाची धारेची कपची उचलली. पहिली वात खडकावर धरून ठेचली. तिसऱ्या घावाला तुटली. दुसरी. तिसरीला कपचीच फुटली, नवी कपची शोधून तीही तोडली.

चौथी कोपऱ्यात होती, खडकाच्या बेचक्यात. तिथं घाव बसेना. वीतभर उरली होती.

तेवढ्यात तोंडावर सावली आली आणि त्यानं वर बघितलं.

बघायला नको होतं. पण फौजेत दोन वर्षं एकच काम शिकवलेलं. तोफेवर नेम धरायची लोखंडी जाळी विहिरीच्या तोंडासारखीच गोल होती, बैलगाडीच्या चाकासारखी, आणि विमान त्या चाकात असंच कडेनं शिरायचं. पंख सरळ. दोन इंजिनं. पोट जाड. डाकोटा. तो ते मनात म्हणायच्या आधीच विमान विहिरीच्या बरोबर मधोमध आलं, आणि दगडोबाचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तोफ डागायचा पेडल असायचा तिथं.

पायाखाली खडक होता. कुठलाच आवाज झाला नाही.

चाक परत रिकामं झालं. वात चार बोटं उरली होती.

त्यानं बेचक्यात तोंड घातलं आणि वात दाढेखाली धरली. डांबर कडू. आतून ऊब जिभेकडं सरकत होती. तो कचाकचा चावला, ऊस सोलताना चावतात तसा. तुटली. तोंडातला तुकडा थुंकला तर त्याच्या टोकातून अजून एक ठिणगी उडाली, आणि संपली.

तो तिथंच खडकाला गाल लावून पडला. किती वेळ, त्याला सांगता आलं नसतं.

"ये दगडोबा! ठासलं का न्हाय अजून?" सिद्धलिंगचं डोकं परत आलं होतं. "काय न्हाय गड्या, बायांनी पदर पसरलं पर मिठाचा खडा पडंना. तसंच गेलं नळदुर्गाकडं. तुला दिसलं का?"

"दिसलं."

"मग कंचं हुतं?"

दगडोबानं चार तुटक्या वाती गोळा करून मुठीत धरल्या आणि बकेटात बसला. ओठ भाजले होते.

"आपलंच हुतं," तो म्हणाला.

"आपलंच असणार की! दुश्मनाचं तर तू पाडलंस," सिद्धलिंग हसला. वर आणखी दोघंतिघं हसले. यारी करकरली. बकेट वर निघालं, आणि आकाशाचं चाक हळूहळू मोठं होऊ लागलं.

"वडू नका," दगडोबा म्हणाला. "थांबा जरा."

ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दोन वर्षांमागच्या डिसेंबरात, पंजाबात, ते विमान गव्हाच्या रानात पडल्यावर त्याचा वैमानिक हवाई छत्रीनं उतरला होता, आणि पळत आलेल्या दगडोबाला आपल्याच देशाच्या गणवेशात बघून त्यानं आधी पाणी मागितलं होतं.