मावशींची हाक

सात रस्ता चौकाजवळच्या प्रयोगशाळेत वैष्णवी काचेच्या बश्यांत हृदयाच्या स्नायूंच्या पेशी वाढवायची. झाडायला येणाऱ्या विजयमालामावशी रोज टेबलावर टिचकी मारून म्हणायच्या, "उठा गं बायांनो!" आणि पेशी खरोखरच धडधडू लागायच्या. वैष्णवीला हसू यायचं.

आज मावशींच्या हृदयाची झडप बदलायची होती. सकाळपासून एकही पेशी हलली नव्हती. अकराला वैष्णवीला राहवेना. तिनं टिचकी मारली, रडवेली होऊन हाक मारली, "उठा की ओ मावशी!"

तिसऱ्या हाकेला सगळ्या पेशी एकदम धडधडल्या.

संध्याकाळी मावशींच्या लेकीचा, रेश्माचा फोन आला. "ताई, ऑपरेशनला थांबवलेलं आईचं हार्ट अकरापर्यंत चालूच होईना. आता शुद्धीत हाय. म्हणती, पोरीला सांग, तीन-तीन हाका कशाला मारायच्या? उठतच व्हते की मी!"