शिट्टी कुणाची

"थांबवा! तिथेच थांबवा, मॅडम!"

पडद्यावर चेंडू बास्केटच्या वाटेवर लटकला. पंच खुर्चीतून अर्धा उठला होता.

"हात चेंडूला लागलाय, मनगटाला नाही. स्वच्छ अडवलाय. याला फाऊल कोण म्हणेल?"

"पण त्या दिवशी फाऊल दिला गेला," स्पर्धेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

"दिला गेला!" पंच गालात हसला. कुणी दिला, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही. स्पर्धेतले सगळे सामने त्याने आणि दुसऱ्या पंचाने, लंबूने, जोडीने सांभाळले होते. अंतिम सामन्यासाठी मात्र दोघांतला एकच हवा होता. लंबू नुकताच याच खुर्चीत बसून, हेच तुकडे बघून कँटीनकडे गेला होता.

मागे. पुन्हा. हळू.

आवाज बंद. चौकटीत नुसते हात, चेंडू, बुटांची टोकं. शिट्टी वाजवणारा चौकटीबाहेर.

पुढचा तुकडा.

"बचाववाला पाय रोवून उभा आहे. हा येऊन आदळला. आणि फाऊल दिला उभ्या माणसावर! वा!"

पुढचा.

"निळ्या जर्सीवाल्याच्या बोटाला लागून चेंडू बाहेर गेलाय. शेंबडं पोरही सांगेल. आणि चेंडू दिला कुणाला? निळ्यालाच!"

पुढचा. पुढचा.

पंच रंगात आला. मधूनमधून हळहळूही लागला.

"तसा लंबू माणूस सोन्यासारखा आहे हो. पण या कामाला डोळा लागतो, मॅडम, डोळा! नुसती उंची काय, पंखे पुसायला?"

मॅडम हसल्या नाहीत.

"मग एकूण तुमचं मत?"

"अशा पंचाला अंतिम सामना देऊ नका. मित्र आहे, म्हणून बोलायला जड जातंय."

जड वगैरे काही जात नव्हतं.

मॅडमनी बटण दाबलं. चौकट रुंदावली. आवाज आला. कर्कश शिट्टी! गाल फुगवून ती वाजवणारा माणूस बुटका होता. पंच रोज सकाळी आरशात त्याचीच दाढी करायचा.

पुढचा तुकडा. तोच.

पुढचा. तोच.

पुढचा.

"कळलं, मॅडम. राहू द्या."

पंचाने घसा खाकरला, कॉलर नीट केली आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"पण चुका पकडल्या की नाही सगळ्या? एक तरी सुटली? याला म्हणतात नजर!"

"नजर आहेच," मॅडम म्हणाल्या. "लंबूनेही सगळ्या पकडल्या."

"मग झालं तर! दोघं सारखेच."

"जवळजवळ." मॅडमनी पडदा गुंडाळायला घेतला. "फक्त तो प्रत्येक वेळी म्हणाला, 'इथे माझं चुकलं, मॅडम.'"